दोघांपुरतं कापड

पौड ओलांडून मुळशीच्या पाण्याकडे निघालं की शनिवारी संध्याकाळी काठाला तंबूंच्या रांगा दिसतात. निळे, नारिंगी, हलके. दव आणि मंद वारा एवढंच त्यांच्या वाट्याला येतं, आणि तेवढ्याला ते पुरतात. मला हवा आहे तो हिमालयातल्या हिवाळ्यासाठी: वादळ ओसरेपर्यंत दोघांना सांभाळणारा.

अशा तंबूत दोन माणसांचा श्वास हीच मोठी गोष्ट होऊन बसते. रात्रभराची वाफ थंड कापडाला लागून गोठते. पहाटे कूस बदलताना कोपर लागलं की बारीक हिमकण तोंडावर, स्लीपिंग बॅगवर झडतात. आतली पिसं भिजली की ऊब गेली. म्हणून कापडं दोन हवीत. आतलं वाफ बाहेर सोडणारं, बाहेरचं बर्फ-वारा अडवणारं, आणि मध्ये हवा खेळायला जागा. पोल एकमेकांना अनेक ठिकाणी छेदणारे असावेत, म्हणजे साचलेल्या बर्फाचा भार वाटला जातो. साध्या खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. बर्फाने भरलेल्या पिशव्या दोराला बांधून पुराव्या लागतात. हे सगळं जाड हातमोजे घालून जमलं पाहिजे.

मॅटरहॉर्न शिखरावर 1865 साली पोचलेल्या एडवर्ड व्हिंपरने त्याआधी स्वतःचा तंबू स्वतः बेतला होता. लाकडी दांड्यांचा, दहा किलोंच्या आसपास वजनाचा. आज दोघांचा मजबूत तंबू तीन-चार किलोंत मिळतो. पण स्वतःच्या हाताने पारखण्याची ती जिद्द मला मोलाची वाटते.

बर्फ आपल्याकडे नाही. तरीही 2019 च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण कांचनजंगाच्या 8,586 मीटर उंच माथ्यावर पोचले. सह्याद्रीत घोटलेले हात तिथे उपयोगी पडतात, यावर माझा विश्वास आहे. ताम्हिणीच्या वाऱ्यात, अंधारात, जोडीदाराशी एक शब्द न बोलता तंबू उभा राहतो का, हे इथेच कळतं.

आणि इथेच तंबूचा खरा शत्रूही आहे. कापडावरचा स्वस्त पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, आंबूस वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. मुळशीच्या पावसाळ्यात माळ्यावर गुंडाळून ठेवलेला तंबू एकही बर्फाचा कण न बघता निकामी होऊ शकतो. हिमालयातल्या रात्री मोजक्याच, इथले पावसाळे मात्र दरवर्षीचे. टिकाऊपणा ठरवताना हा हिशोब मी आधी मांडतो.

म्हणून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेलं नायलॉन. महाग आहे, पण त्यासाठी दुसरं काहीतरी लांबणीवर टाकायची माझी तयारी आहे. त्यावर शिवणीची तयार पट्टी चिकटत नाही. ब्रशने सिलिकॉन लावून एकेक शिवण हातानेच भरावी लागते. अंगणात चार दिवस कोरडं ऊन मिळालं की आम्ही दोघं बसून भरू.