मंगळदास मार्केटमधील सुती कापड

मे महिन्यात मुंबईची हवा दमट. अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून मुलांच्या कपड्यांसाठी आम्ही सहकुटुंब क्रॉफर्ड मार्केटजवळील मंगळदास मार्केट गाठले. अरुंद गल्ल्यांत दुतर्फा कापडाची दुकाने. टेरिकॉट टिकते, इस्त्री कमी लागते, म्हणून कष्टकऱ्यांच्या घरी तेच येते. परंतु त्यातील पॉलिस्टर घाम शोषत नाही. मुलांना घामोळे उठते. त्याऐवजी मलमल, केंब्रिक किंवा सुती पॉपलीन घ्यावे. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी नमुन्याचा उभा-आडवा एकेक धागा घरी जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. सुती कापड आटते, म्हणून शिवण्याआधी भिजवावे. बंधू-भगिनींनो, आपला पैसा घामाचा आहे. तो घाम टिपणाऱ्या कापडावरच खर्च करावा.