नाव तूच सेव्ह केलं होतंस

गेले तीन वीकेंड रिलीजने खाल्ले, म्हणून लिहिणं राहिलं. आज शनिवार, सकाळपासून धो धो पाऊस, धायरी फाट्यापर्यंत जाऊन पोहे खायचीसुद्धा हिंमत नाही. तेव्हा बरेच दिवस टाळलेला किस्सा लिहूनच टाकते. टाळत होते कारण त्यात माझीच शोभा आहे.

गोष्ट जुलै 2023 मधली. मी घरून काम करत होते, म्हणजे डुलक्या काढत स्टँडअप ऐकत होते. बाहेर बाबांचा फोन वाजला. आता, बाबांना फोनचे सगळे नियम मीच शिकवलेले. घरातली 'आयटीवाली' मीच ना! अनोळखी नंबर उचलायचा नाही, नाव दिसलं तरच बोलायचं. त्यासाठी मी स्वतः बसून त्यांच्या फोनमध्ये गॅसवाला, डॉक्टर, सोसायटीचा वॉचमन असे सगळे नंबर घातले होते. कार्डाच्या मागे छापलेला बँकेच्या हेल्पलाइनचा लँडलाइन नंबरसुद्धा. नाव दिलं 'बँक'.

त्या दिवशी स्क्रीनवर 'बँक' असंच आलं.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र. केवायसी संपलंय काका, आज केलं नाही तर पेन्शन अडकेल वगैरे. दहा मिनिटांनी बाबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. "अगं, 49,000 गेल्याचा मेसेज आलाय. पण बँकच तर बोलत होती माझ्याशी."

लगेच 1930 ला फोन लावला. तक्रार लवकर गेली म्हणून 31,000 पुढच्या खात्यातच गोठले, आणि पुष्कळ खेटे घातल्यावर परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

मी मात्र त्या संध्याकाळी बाबांवरच चिडले. "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे किती वेळा सांगितलं होतं!"

बाबा शांतपणे म्हणाले, "कुणालाही नाही सांगितला. बँकेला सांगितला. नाव तूच सेव्ह केलं होतंस."

यावर काय बोलणार, कप्पाळ!

आणि खरं दुखणं पुढेच आहे. मी ज्या टीममध्ये आहे तिथे इंटरनेटवरून कॉल लावायचं सॉफ्टवेअर बनतं. कॉल सुरू होताना एक छोटा मेसेज जातो, त्यात 'फ्रॉम' नावाची एक ओळ असते. टेस्टिंगच्या वेळी त्या ओळीत मी वाट्टेल ते आकडे टाकते आणि समोरच्या टेस्ट फोनवर तेच आकडे उमटतात. जुन्या आंतरदेशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यासाठी जागा असायची, आठवतंय? तिथे तुम्ही धायरी लिहा नाहीतर टिंबक्टू, पोस्टमन विचारायला येत नसे. तसंच हे. तुमचं सिम ज्या कंपनीचं, तिला तुमचा नंबर पक्का ठाऊक असतो. पण कॉल दुसऱ्या जाळ्यातून, त्यातही परदेशातून आला, की पलीकडच्याने सांगितलेल्या नंबरावर विश्वास ठेवायचा अशीच ही व्यवस्था घडत आली. शेवटी आपला मोबाइल बिचारा आलेले आकडे यादीत शोधतो, जुळले की नाव दाखवतो. म्हणजे चोराने नुसता नंबर आणला होता, त्यावर 'बँक' अशी पाटी लावली ती मी. हे सगळं माहीत असून बाबांना सांगितलं काय, तर 'नाव बघून उचला'!

आपल्याकडून हा खेळ उलट्या दिशेनेही झालाय बरं का. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि 70 जणांना अटक केली. तिथली पोरं अमेरिकन टॅक्स अधिकारी बनून तिकडच्या लोकांना धमकावत. कॉल इंटरनेटवरून जात. पोरं माझ्याच वयाची, आणि तंत्र आमच्या टेस्टिंगपेक्षा फार वेगळं नाही. हे वाचून मला काही बरं वाटलं नव्हतं.

असो. नंतर सरकारने हालचाल केली. भारतीय लँडलाइनचा नंबर लावून परदेशातून येणारे कॉल अडवायचे आदेश मे 2024 पर्यंत निघाले होते, त्याच महिन्यात मोबाइल नंबरांसाठीही निघाले. लँडलाइनचं सोपं, ती काही रोमिंगला दुबईला जात नाही! मोबाइलचं मात्र तपासावं लागतं, तो नंबर खरंच परदेशात फिरतोय का? ती यंत्रणा 22 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली आणि पहिल्या 24 तासांत तिने सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले. भारतीय नंबर दाखवत परदेशातून येणाऱ्या कॉलपैकी 90 टक्के! आकडा वाचून मी चहा बाजूला ठेवला. चोर अर्थात रिकामे बसलेले नाहीत. सिम बॉक्स लावून देशातल्याच सिमवरून कॉल फिरवतात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पोलिसाचा डीपी लावतात.

आमच्या घरात मात्र वेगळाच घोळ झाला. बाबांनी फोन उचलणंच सोडलं. सिलिंडरवाला दोनदा परत गेला. आत्याने 'दादा रागावलाय का' म्हणून आईला विचारलं. एकदा रात्री साडेनऊला कंपनीच्या बसने मला हायवेला सोडलं, रिक्षा मिळेना, पावसात उभी राहून बाबांना चार वेळा फोन केला. चारही वेळा कट. घरी पोचले तेव्हा ते दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. "तुझंच नाव दिसत होतं गं. पण मग म्हटलं, नाव काय, कुणीही लावतं."

ओरडायची सोयच नव्हती. रात्री जेवताना आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. बँक असो, पोलीस असो, कुणीही असो, आलेला कॉल ठेवायचा आणि कार्डामागचा नंबर आपण स्वतः फिरवायचा. आणि घरच्यांचा आला तर उचलायचा, पण आधी एक प्रश्न विचारायचा.

परवा हिंजवडीहून निघताना फोन केला.

"हं, काल भाजी कसली होती?"

"बाबा, मीटिंग संपली, निघतेय, एवढंच..."

"भाजी सांग आधी."

"दोडका."

"हं. मग येताना दूध घेऊन ये."