माशीच्या मापाची पेटी : कर्नाळ्याच्या वाटेवरून

पनवेल म्हटलें म्हणजे बहुतेकांस आठवते ती गाडी बदलण्याची धांदल. कोंकणांत उतरणारा आणि घाटावर चढणारा, दोघेही येथें घटकाभर टेकतात आणि पुढें जातात. गांव पाहावें म्हणून कोणी उतरत नाहीं. परंतु माघ-फाल्गुनांत सवड असल्यास पळस्प्याच्या फाट्यावरून गोव्याच्या रस्त्यास लागावें, वासुदेव बळवंत फडक्यांचें शिरढोण मागें टाकावें आणि सुमारें बारा किलोमीटरांवर कर्नाळ्याच्या रानांत शिरावें. 1968 सालापासून हें रान पक्ष्यांसाठीं राखलेलें आहे. लोक तेथें पक्षी पाहण्यास जातात. मी मात्र गेलों तो मधमाश्या पाहण्यास.

किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका खालूनही दिसतो. त्याच्या कपारींस जीं मोठीं काळसर अर्धचंद्राकार पोळीं लोंबतात, तीं आग्या माशीचीं. तिच्या वाटेस कोणी जाऊं नये आणि तिला पेटींत घालण्याचें स्वप्नही पाहूं नये. उघड्यावर एकच प्रचंड पोळें बांधणारी ती जात. चार भिंतींचें घर तिला तुरुंगासारखें. झुडपांवर तळहाताएवढें पोळें लावणारी फुलोरी हीही तशीच उघड्यावरची. झाडाच्या ढोलींत, वारुळाच्या पोकळींत अंधार शोधून एकामागें एक समांतर पोळीं बांधते ती सातेरी. पेटीचा विचार करावयाचा तो तिच्यासाठीं. सुश्रुतानें मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक असे आठ प्रकार मोजले आहेत. एवढी सूक्ष्म दृष्टि असलेल्या आपल्या लोकांनीं माशीच्या घराचें माप मात्र कधीं पट्टी लावून घेतलें नाहीं, याचें मला नवल वाटतें.

हा विषय आतांच निघण्याचें कारण पनवेलच्या भोंवतीं वाढणारी वस्ती. टेकड्या सपाट झाल्या, उलव्याकडील विमानतळाचें 2025 सालीं उद्घाटन झालें, जुनीं झाडें गेलीं, म्हणजे ढोलीही गेल्या. मग वसंतांत घर फुटून निघालेला थवा एखाद्या इमारतीच्या गॅलरींत लोंबतो आणि घाबरलेलीं माणसें औषध फवारणाऱ्यास बोलावितात. वास्तविक त्या वेळीं माशी सर्वांत शांत असते. पोट मधानें भरलेलें, राखावयास ना पोळें ना पिलें. ती फक्त घर शोधीत असते. थव्यांतल्या कांहीं अनुभवी माश्या पाहणी करून येतात आणि नाचून इतरांस जागा सांगतात, हें मार्टिन लिंडाउअर यांनीं म्यूनिक येथें 1949 च्या सुमारास हेरलें. पुढें अमेरिकेंत टॉमस सीली यांनीं पेट्या टांगून टांगून माशीची आवड मोजली. सुमारें 40 लिटरांची पोकळी, लहानसें आणि तळाशीं असलेलें दार, जमिनीपासून सुमारें 5 मीटर उंची. दहा लिटरांची पेटी त्यांच्या माश्यांनीं अपुरी म्हणून नाकारली.

येथेंच आपले हौशी लोक फसतात. हे आंकडे युरोपीय माशीचे आहेत. सातेरीचा संसार त्या मानानें लहान. तिला 40 लिटरांचा वाडा दिला तर रिकाम्या कोपऱ्यांवर पहारा राहत नाहीं, मेणकिडा शिरतो आणि सातेरी एके दिवशीं बिऱ्हाड उचलून चालती होते. नाराजीनें घर सोडण्यांत तिचा हात कोणी धरणार नाहीं. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदी माशीसाठीं म्हणून जी पेटी केली, तींत सात चौकटी. प्रत्येकीचें आंतलें माप सव्वाआठ इंच बाय पावणेसहा इंच. सारी पिलाव्याची कोठी जेमतेम नऊ-दहा लिटरांची. म्हणजे परदेशीं जी नाकारली गेली, तीच आपल्याकडे सोयीची! बाजारांत स्वस्त मिळते म्हणून मोठी पेटी घेणें म्हणजे पाहुण्याची उंची न विचारतां अंगरखा शिवणें होय.

दुसरी गोष्ट सांध्यांची. युरोपीय माशी झाडांचा चीक आणून फटी बुजविते. सातेरीस ती विद्या नाहीं. तेव्हां सुतारानें सांधा घट्ट बसवावा, न जमल्यास बाहेरून शेणमातीनें लिंपावा. लांकूड सागाचें किंवा शिवणीचें चांगलें. आंब्याची फळी एका पावसाळ्यांत वांकते. आंतून रंग मुळींच नको.

किल्ल्याच्या पायथ्याकडील एका वाडीवर, कुडाच्या भिंतीस आडवें बांधलेलें एक जुनें मडकें मला दिसलें. तोंडावर फळकूट, त्यांत करंगळी जाईल एवढें भोंक. घरधनी वृद्ध ठाकर होते. पेटीच्या गोष्टी त्यांनीं शांतपणें ऐकून घेतल्या व म्हणाले, “मास्तर, नव्या डब्यात माशी येत नाय. तिला जुन्या मेनाचा वास लागतो.” सीली यांच्या शोधांतही जुन्या पोळ्याचा वास माश्यांस ओढतो असेंच आढळलें आहे. मात्र एक सावधगिरी हवी. 1990 नंतरच्या वर्षांत पिलाव्याच्या एका विषाणुजन्य रोगानें दक्षिणेंतील असंख्य सातेरी वसाहती बुडविल्या. म्हणून कोठलें तरी जुनें पोळें आणून टांगूं नये. निरोगी घरचें मेण वितळवून, गाळून फळ्यांस आंतून चोळावें.

पेटी सावलींत, मुंग्यांच्या वाटेवर नसेल अशी, माणसाच्या डोक्याहून उंच बांधावी. पांच मीटरांचा आग्रह नको. उतरवावयाची आपणांसच आहे. थवा आंत शिरला कीं आठवडाभर हात लावूं नये, मग तिन्हीसांजेस दार बंद करून उतरवावी. मडक्यांत बसलेला थवा पेटींत घ्यावयाचा तर पोळीं कापून केळीच्या सोपटानें चौकटींत बांधतात. पण हें काम पाहून शिकावें. महाबळेश्वरास मध संचालनालय आहे, पुण्यास 1962 पासून केंद्रीय मधमाशी संस्था आहे, आणि महाबळेश्वराजवळचें मांघर तर 2022 पासून ‘मधाचें गांव’ म्हणून ओळखलें जातें. सुटींत मुलांस घेऊन जाण्यासारखीं हीं स्थळें आहेत.

पेटी दिवाळी झाल्यावर टांगावी म्हणजे माघापर्यंत तिचा नवेपणा जातो. उतरविल्यावर तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे. आषाढ-श्रावणांत पनवेलच्या पावसांत माशीस बाहेर पडतां येत नाहीं. त्या दिवसांत तिचा मध काढूं नये, आणि आठवड्यांतून एकदां संध्याकाळीं साखरेचा पाक आंत ठेवावा.