तुमसरचं मँगनीज आणि पाणबुड्यांची टोळी

तुमसरकडे मँगनीजचं कुणाला अप्रूप नाही. चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला काळा दगड उचलला की मनगट खाली येतं आणि बोटं काजळतात. पोलादातला गंधक आणि प्राणवायू बांधून ठेवायला हे खनिज लागतंच. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या भट्ट्यांनाही हवं होतं. युद्धकाळातली खनिज-वाहतूक हा माझा अभ्यासविषय. त्या नादात मी भंडाऱ्याहून निघालो आणि पोचलो जर्मन पाणबुड्यांपाशी.

मध्य प्रांतातल्या मँगनीजला समुद्राची जवळची वाट हवी, हे रायपूर-विजयनगरम रेल्वे आणि १९३३ साली सुरू झालेलं विशाखापट्टणम बंदर यांमागचं एक मोठं कारण. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राची वाट व्यापारी जहाजांना जवळजवळ बंदच झाली. मग हिंदुस्थानातून इंग्लंडला जायचं तर आफ्रिकेला पूर्ण वळसा. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला जहाजं थांबत आणि तिथून ताफा करून उत्तरेला निघत. या ताफ्यांना 'एसएल' म्हणत.

या ताफ्यांवर टपलेल्या पाणबुड्यांना लांडग्यांची टोळी म्हणायची पद्धत आहे. नागझिऱ्यात रानकुत्र्यांची शिकार पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल. पण रानकुत्री एकमेकांना शीळ घालतात, आणि इथे हुकूम यायचे ते किनाऱ्यावरून, अॅडमिरल डोनित्झच्या कार्यालयातून. ताफ्याच्या वाटेवर पाणबुड्या मैलोन्‌मैल अंतर ठेवून आडवी रांग धरत. ज्या पाणबुडीला धूर दिसेल तिने घाईने हल्ला करायचा नाही. मागे राहायचं आणि ताफ्याची जागा, दिशा, वेग वायरलेसवरून कळवत राहायचं. बाकीच्या गोळा झाल्या की रात्री हल्ला, आणि तोही बहुधा पाण्यावरून. सिनेमावाले पेरिस्कोपच्या प्रेमात असतात, म्हणून हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. पाण्याखाली या पाणबुडीचा वेग जेमतेम ७ नॉट, पाण्यावर १७. मंद ताफा चालायचा ७-८ नॉटने. शिवाय ध्वनीवर पाणबुडी शोधणाऱ्या अॅस्डिक यंत्राला वर आलेली पाणबुडी सापडायची नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये फ्रीटाउनहून निघालेल्या एसएल-१२५ ताफ्यावर हे सगळं अक्षरशः घडलं. रक्षणाला मोजक्या कॉर्व्हेट नौका. मदेरा बेटांच्या आसपास 'श्ट्राइटआक्स्ट' नावाच्या टोळीने ताफा गाठला आणि महिनाअखेरपर्यंत १२ जहाजं बुडवली. २८ तारखेला यू-५०९ने पी अँड ओ कंपनीचं 'नागपूर' बुडवलं. ताफ्याचा कमोडोर याच जहाजावर होता, तो वाचला. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी बहुधा कोकणातले, वाढपी गोव्याचे. इंग्रजी पुस्तकांत कप्तानाचं नाव असतं, सारंगाचं सहसा नसतं. मला याचा राग येतो.

या टोळीचं लक्ष ताफ्यावर होतं, तेव्हाच उत्तर आफ्रिकेत उतरायला निघालेलं दोस्तांचं प्रचंड सैन्य त्याच समुद्रातून सुखरूप गेलं आणि ८ नोव्हेंबरला किनाऱ्याला लागलं. त्यामुळे एसएल-१२५ मुद्दाम बळी दिला, अशी शंका तेव्हापासून घेतली जाते. मला ती पटत नाही. एवढा मोठा ताफा नेमक्या त्या टोळीच्या तोंडी द्यायचा, तर टोळी कुठे उभी आहे हे पक्कं ठाऊक हवं, आणि पाणबुड्यांचे सांकेतिक संदेश ब्रिटिशांना त्या महिन्यांत वाचताच येत नव्हते.

संदेश वाचता येत नसले तरी ते कुठून आले हे मात्र कळू लागलं होतं. दिशाशोधक यंत्र रक्षक नौकांवरच बसलं आणि टोळी जमवणारा तो वायरलेसच पाणबुडीचा पत्ता सांगू लागला. त्याला लहान लहरींच्या रडारची आणि लांब पल्ल्याच्या विमानांची जोड मिळाली. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनांनी ४० च्या वर पाणबुड्या गमावल्या. डोनित्झने उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या. त्याच सुमारास भूमध्य समुद्र पुन्हा खुला झाला आणि हिंदुस्थानचा माल परत सुएझमार्गे जाऊ लागला.