पावसाआधीचे रान

सह्याद्रीतला वसंत हिरवा नसतो. चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरचे गवत वाळून कोळ झालेले असते, ओढे आटलेले असतात, कातळ दुपारी पाय ठेवू देत नाही. तरीही डोंगरात राहणाऱ्यांसाठी रानातले खाणे गोळा करण्याचा हाच भर हंगाम. हिमालयात बर्फ वितळले की लिंगुडा नेच्याचे कोवळे कोंब जमिनीतून वर येतात आणि ते वेचणारा वाकून चालतो. सह्याद्री-सातपुड्यात मात्र वसंतात वेचणाऱ्याची नजर वर असते, झाडाझुडपांवर आणि वेलींवर. जमिनीकडे वाकायची वेळ पहिल्या सरींबरोबर येते.

यामागे झाडांचे स्वतःचे गणित आहे. ज्यांची मुळे खोल गेलेली असतात ती झाडे उन्हाळ्यातही पाणी मिळवतात, आणि फळे पिकवण्यासाठी पावसाच्या तोंडचे दिवस निवडतात. बी जमिनीवर पडावे आणि लगेच ओल मिळावी, हा त्यातला लाभ. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही. वाळले की त्याची रुजण्याची ताकद जाते. म्हणून जांभूळ अगदी मृगाच्या दारात पिकते. कोणते फळ कधी येते हे पाठ करण्यापेक्षा ते तेव्हाच का येते हे समजून घेतलेले बरे. मग एखाद्या वर्षी हंगाम पुढे-मागे सरकला तरी वेचणारा चुकत नाही.

हंगामाची सुरुवात मोहापासून होते. फाल्गुनाच्या अखेरीस झाडाची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस धरतात. फुले रात्रीतून आणि पहाटे टपटप पडतात. ती ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, कारण उन्हात पडून राहिलेले फूल मऊ पडते, आंबते आणि त्याला मुंग्या लागतात. पिवळसर पांढरे, मांसल, आतून पोकळ असे हे फूल म्हणजे खरे तर पाकळ्यांची जुळलेली वाटी असते. बीजकोश झाडावरच राहतो आणि पुढे त्याचे फळ होते. पडलेली फुले सगळी वेचली तरी झाडाचे एकही फळ कमी होत नाही. इतका निर्धोक वेचा रानात दुसरा क्वचितच असेल.

वेचलेली फुले काही दिवस उन्हात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. केसर काढून ती भाजतात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, पिठात मिसळून भाकरी थापतात. मोहाचे नाव निघाले की शहरात फक्त दारू आठवते, हा या झाडावर अन्याय आहे. धान्य संपत आलेल्या महिन्यांत अनेक घरे या फुलांवर तगली आहेत. ज्या रानात अस्वले आहेत तिथे पहाटे एकट्याने मोहाखाली जाऊ नये. त्यांनाही हे फूल तितकेच प्रिय आहे.

मोहाच्या वेच्यात रानाला एकच गोष्ट खरी घातक आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि ती आग पुष्कळदा तिथेच थांबत नाही. वणव्यात करवंदीच्या जाळ्या, चारोळीची रोपे, जमिनीलगतचे कोंब सगळे जाते. एका झाडाखालची सोय साऱ्या डोंगराला महाग पडते. जुनी लुगडी किंवा जाळे अंथरले, नाहीतर खराट्याने झाडून घेतले, तरी काम तेवढेच होते.

चैत्रात कच्च्या फळांची पाळी. हिरवी करवंदे आणि भोकरे लोणच्यासाठी याच वेळी काढतात. भोकराचा चिकटा मिठाशिवाय सुटत नाही. फळ फोडून मिठात बोट बुडवून बी काढावे लागते. पांढऱ्या कुड्याची फुले भाजीसाठी खुडतात, पण खातात ती उकळून, पाणी पिळून टाकल्यावरच, नाहीतर कडवटपणा जात नाही. तोरणाची पांढरी फळे काटेरी वेलीवर पिकतात. ती पोटभर खाण्याची नव्हेत, चालता चालता तोंडात टाकण्याची.

वैशाख करवंदांचा. पिकलेले करवंद काळे होते, आणि डोंगरची काळी मैना ही आरोळी एसटीच्या थांब्यांवर ऐकू येते. जाळीत हात घालताना काटा लागतो आणि देठातून पांढरा चीक गळतो. हाताला आधी खोबरेल चोळले तर चीक चिकटत नाही. पक्व फळ बोटाच्या हलक्या स्पर्शाने सुटते. ओढावे लागले तर ते अजून तयार नाही. करवंदे खोल भांड्यात भरू नयेत, खालची चेंगरतात. पसरट टोपलीत पळसाची पाने अंथरून ती ठेवतात. फळ फोडून आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा मुलांचा खेळ अजून चालू आहे.

याच सुमारास चार पिकते. तिचा जांभळट गर खाऊन बी ठेवतात, आणि टणक कवच जात्यावर हलके भरडले की आतली चारोळी मिळते. चारोळीला बाजारात भाव चांगला, म्हणून घाई होते. दुसऱ्याने तोडण्याआधी आपण तोडावी या भीतीने फळे हिरवी असतानाच काढली जातात आणि फांद्यासुद्धा छाटल्या जातात. हिरव्या फळातली चारोळी भरत नाही आणि छाटलेली फांदी लगेच फळत नाही. गावाने मिळून तोडणीचा दिवस ठरवणे हाच यावरचा उपाय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानातल्या रहिवाशांचा मालकी हक्क मान्य केला आहे, त्यामुळे असे ठरवण्याला बळही आहे.

ओळख हा या कलेचा कणा, आणि तिथे सरसकट नियम चालत नाहीत. चीक असलेली वनस्पती विषारी असते असे म्हणावे, तर करवंदीला चीक आहे. पक्षी खातात ते माणसाला चालते असे म्हणावे, तर कोकणात काजऱ्याची नारिंगी, मोसंबीसारखी लोभस फळे धनेश खातो, आणि त्यांच्या बियांत स्ट्रिक्निन हे जीवघेणे विष असते. कळलावीचा कंद रताळ्यासारखा वाटू शकतो. नांगराच्या आकारामुळे तिला संस्कृतात लांगली म्हणतात, आणि त्या कंदातले कोल्चिसीन माणूस मारते. प्रत्येक झाड पानाने, सालीने, फुलाने, वासाने स्वतंत्र ओळखावे लागते, आणि खात्री नसेल तर हात मागे घ्यावा. पुस्तकातल्या चित्रावरून हे पुरते शिकता येत नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली बायका वर्षानुवर्षे त्याच वाटांनी जातात. त्यांची नजर हेच यातले सर्वांत भरवशाचे शिक्षण आहे.

वळवाचे दोन-चार शिडकावे झाले की नजर खाली येते. ठाणे-रायगडच्या रानात शेवळाचे जांभळट कोंब पानाआधीच जमिनीतून निघतात. ही सुरणाच्या कुळातली वनस्पती आणि हा तिचा फुलोरा. तो खुडायचा असतो, उपटायचा नसतो, म्हणजे कंद जमिनीत राहतो. एका जागचे सगळे कोंबही खुडू नयेत. काही फुलू दिले तरच बी धरते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, हाताला तेल लावून उरलेले बारीक चिरतात, आणि काकड या झाडाच्या आंबट हिरव्या फळांचा रस घालून नीट शिजवतात. काकडे नसतील तर चिंच किंवा आमसूल. काकडाची फळे आणि शेवळाचे कोंब एकाच पंधरवड्यात येतात, आणि विकणाऱ्या बायका बहुधा दोन्ही एकत्रच देतात. खाज आणणारी भाजी आणि तिचा उतारा एकाच टोपलीत ठेवण्याचे हे शहाणपण कोणत्या प्रयोगशाळेतून आलेले नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला कर्जत, मुरबाड किंवा शहापूरच्या बाजारात शेवळाची जुडी दिसली, तर विकणाऱ्या मावशींकडून काकडेही मागून घ्यावीत, आणि शेवळातला कोणता भाग टाकायचा हे त्यांनाच विचारावे.