पक्कं बांधलंय, मामा!

होस्टेलला पहिल्यांदा आले त्या दिवशी गादी, बादली, ट्रंक आणि ड्रॉइंग बोर्ड असं सगळं एकाच रिक्षाच्या टपावर सुतळीने बांधून आणलं होतं. बांधणारी मी. स्टेशनपासून गेटपर्यंत काहीही पडलं नाही. तेव्हापासून बांधाबांधीत आपण एक्स्पर्ट आहोत असा माझा समज झाला. तसे माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत गाठीचे प्रकार दोनच, सुटणारी आणि न सुटणारी. आपली अर्थात दुसरी!

हा समज जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या हायवे १६९ वर सुटला.

मामा तिथे मिनिआपोलिसजवळ राहतो. पाचव्या सेमची परीक्षा संपली आणि आजीला सोबत म्हणून माझंही तिकीट निघालं. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्या बर्फावर जाऊन, भोक पाडून, गळ टाकून बसतात. वारा लागू नये म्हणून भोकावर तंबू लागतो. मामाच्या शेजारच्या आजोबांकडे असा एक होता. खाली प्लास्टिकची लांबट घसरगाडी, तिच्यात दोन खुर्च्या आणि टांग्याच्या हूडसारखं मागून पुढे ओढायचं कापड. घडी केली की कापड आणि पोल त्या घसरगाडीतच बसतात. सगळं मिळून वजन चाळीसेक किलो. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तंबू आणि गाडीमागे जोडायचा छोटा उघडा ट्रेलर त्यांनी मामाला दोन दिवस वापरायला दिला. सोबत दोन रॅचेटचे पट्टे आणि प्रवासात वरून घालायचं कव्हरही दिलं.

सकाळी उणे पंधरा तापमान. कव्हर पापडासारखं कडक झालेलं. हातमोजे घालून ते ओढता येईना आणि काढले तर बोटं बधिर. रॅचेटमध्ये पट्टा कुठून घालायचा तेही कळेना. मामाला विचारायला हवं होतं, पण मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चारच मुली. 'मला जमत नाही' हे वाक्य तोंडातून निघत नाही, सवयच गेली आहे. मी कव्हर आणि पट्टे डिकीत टाकले आणि गॅरेजमधल्या नायलॉनच्या दोरीने पुढून एक वेढा, मागून एक वेढा मारला.

"पक्कं का गं?" मामाने विचारलं.

"पक्कं बांधलंय, मामा!"

"बघ हं. तू इंजिनिअर."

मिल लॅक्स तळं तिथून उत्तरेला दीडेकशे किलोमीटर. प्रिन्स्टन गाव मागे पडलं. वेग ताशी ६० मैल. मी आजीने दिलेला चिवडा खात होते. एकदम मामाने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "अरे, अरे, अरे..." मी वळून बघते तर तंबू उघडलेला! वारा घडीत शिरला होता, एक पोल उभा राहिला होता आणि कापड शिडासारखं फुगलं होतं. पुढचा वेढा घसरून गेला, घसरगाडी एका बाजूने उचलली गेली, आडवी झाली आणि मागच्या एका दोरीवर लोंबकळायला लागली. मागून येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला, ती डावीकडे सरकली, हॉर्न देत आमच्या बाजूने पुढे गेली. मागच्या सीटवर लहान मुलाला बसवायची खुर्ची बांधलेली होती. रिकामी की भरलेली, ते पाहायच्या आत गाडी गेली.

मामाने गाडी हळूहळू कडेला घेतली. तो काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

खरं म्हणजे हे गणित मी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात सोडवलेलं आहे. अर्धा रो व्ही स्क्वेअर. उणे पंधराला हवा जड, घनता १.३७ च्या आसपास. ६० मैल म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ मीटर. चौरस मीटरमागे साधारण ५० किलो वजनाइतका दाब येतो! रिक्षा ताशी ३० किलोमीटरने जाते, तिथे हाच दाब पाच किलोसुद्धा नसतो. म्हणजे सुतळीचं कौतुक फुकट होतं. शिवाय नायलॉन ताणलं जातं आणि बर्फाळ प्लास्टिकवर धरतही नाही. कव्हर असतं तर वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

कडेला उभं राहून मामाने डिकीतले पट्टे काढले. पुढे दोन हुक, मागे दोन, मध्ये फुली. पट्ट्याला एक पीळ, म्हणजे तो वाऱ्यात फडफडत नाही. दहा मैलांवर थांबून पुन्हा आवळला, तर खरंच सैल पडला होता.

तळ्यावर आमिषाच्या दुकानात कळलं, बर्फ आठ इंच आहे. चालायला ४ इंच पुरतो, छोट्या कारला ९-१० लागतो, तोही पांढरा नाही, स्वच्छ पारदर्शक. म्हणून गाडी काठावरच ठेवली आणि घसरगाडी दोरीने ओढत नेली. हायवेवर जिने जीव घेतला असता ती बर्फावर एका हाताने ओढली जात होती. फक्त काठाच्या उतारावर मागून येऊन तिने माझ्या पोटऱ्या फोडल्या. दोरी ओढते, थांबवत नाही. बर्फावरच्या स्कूटरमागे घसरगाडी जोडताना लोक दोरीऐवजी लोखंडी दांडा का लावतात, ते तेव्हा समजलं. मासा एकच मिळाला, वीतभर. परत सोडला.

रविवारी संध्याकाळी वाकलेला पोल घेऊन आम्ही आजोबांकडे गेलो. काय झालं ते मामा सांगायला लागला, तर मीच मध्ये म्हणाले, "मी बांधलं होतं. कव्हर मीच घातलं नाही." त्यांनी पोलकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "मागे कोणी होतं का?"

"हो. लहान मुलाची खुर्ची होती."

ते बराच वेळ गप्प होते. नव्या पोलचे पैसे मामाने पुढे केले, ते त्यांनी निमूट घेतले. मग काठी टेकत मला गॅरेजमध्ये नेलं, रॅचेट हातात दिला आणि पट्टा घालायचा, आवळायचा, सोडवायचा, असं तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा हातमोजे घालून.