बंबाचं पाणी

९ डिसेंबर २०२४, सोमवार

कैनाडहून निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. मागे भाचा, त्याच्या खांद्यावर शिडी, माझ्या गाडीच्या दोन्ही हँडलांना बादल्या. डहाणूची थंडी ती काय, असं मुंबईची गिऱ्हाइकं हसत म्हणतात. त्यांनी डिसेंबरात सकाळी सात वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी बादलीत घेऊन त्यात मनगटापर्यंत हात बुडवावा आणि मग पंचवीस काचा पुसाव्यात. विहिरीचं पाणी बरं, ते या दिवसांत कोमट लागतं. टाकीचं पाणी मात्र रात्रभर उघड्यावर निवलेलं असतं.

काम घोलवडकडच्या एका वाडीतल्या जुन्या बंगल्यावर होतं. चिकूची झाडं थेट भिंतीपर्यंत आलेली. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वटवाघळं त्या कागदाच्या आधीपासून त्याची चव ओळखून आहेत. रात्री पिकलेलं फळ खातात आणि उडता उडता काचेवर शिंतोडे उडवतात. वाळले की तपकिरी, कडेला चिकट, मध्ये दगडासारखे. मी एकाच डागावर पाच मिनिटं घासत बसलो. पातं लावलं असतं तर निघाला असता, पण त्या काचेवर आधीच कुणीतरी पात्याचे ओरखडे पाडून ठेवलेत. ते उद्या माझ्या नावावर नकोत.

बंगल्याच्या बाई मागच्या ओट्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "अरे डिकरा, थंड पाण्यानं घासतोस काय? बंब पेटलेलाच हाय." तांब्याचा बंब, खाली झावळ्यांचा जाळ. अर्धी बादली काढून दिली. ओला फडका डागावर नुसता धरून ठेवला आणि वीस आकडे मोजले. फडका सरकवला तर डाग त्याच्याबरोबर सरकला. काचेवर फक्त एक गोड वास राहिला.

अठरा वर्षं हे काम करतोय. ही गोष्ट मला बाईंनी सांगावी लागली.

१० डिसेंबर, मंगळवार

भाचा तीन वर्षं मुंबईत काचेच्या इमारतींवर दोरावर लटकून आलेला आहे. कालपासून त्याची गाडी सुटली आहे. परदेशात म्हणे व्हॅनमध्येच डिझेलवर चालणारा हीटर असतो, गरम पाणी पाइपातून लांब दांड्याच्या ब्रशपर्यंत जातं, माणूस जमिनीवर उभा राहून चौथ्या मजल्याची काच धुतो. मोबाइलवर त्यानं व्हिडिओ दाखवला. तो माणूस कानटोपी घालून होता आणि मागच्या गवतावर बर्फ होता.

मी म्हटलं, "त्याचं पाणी पाइपात गोठतं म्हणून तो तापवतो. आपलं काय गोठतंय?"

"मामा, तुमची बोटं."

त्याला मुंबईत का नाही वापरलं गरम पाणी, असं विचारलं. म्हणाला, बादली कमरेला लटकते. विसाव्या मजल्यावर भरून घेतलेलं पाणी पंधराव्यापर्यंत येताना वाऱ्यानं गार होतं, वर जाऊन पुन्हा कोण भरून आणणार.

रात्री हिशेब घातला. मुलगी अकरावीला सायन्सला आहे, तिच्याकडून करून घेतला. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ५० वर न्यायची तर साधारण अर्धा युनिट वीज. घरात १५०० वॅटचा रॉड आहे, त्याला पंचवीस मिनिटं. म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. गिऱ्हाइकाच्या दारात पंचवीस मिनिटं रॉडकडे बघत बसायचं, ते त्याला दिसतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

तलासरीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलचं स्वयंपाकघर. खिडक्या भट्टीच्या बाजूला. या काचांना आम्ही आपसात 'पापड' म्हणतो, कारण त्यांच्यावरचा थर नखानं उचलला तर तुकडाच्या तुकडा निघतो. वर्षभराची फोडणी, त्यावर ट्रकांचा धूर, त्यावर बाहेर चाललेल्या रस्त्याच्या कामाची धूळ. गेल्या वर्षी इथे दोघांना अख्खा दिवस लागला होता आणि केमिकलनं भाच्याचे डोळे चुरचुरले होते.

आज आचाऱ्यानं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. आम्ही ते बादलीत गार पाण्यात मिसळत गेलो. किती गरम? बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवून पाहायचं, कोपराला सोसलं पाहिजे पण आवडता कामा नये. त्यात भांड्याचा साबण, बस्स.

पहिला हात फिरवला आणि काही झालं नाही. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मग थर आधी दुधाळ झाला, कडेनं सुरकुतला, आणि मधाच्या बारीक धारा लागाव्यात तशा पिवळ्या रेघा खाली यायला लागल्या. घासायचं नव्हतंच, थांबायचं होतं. दुसरं पाणी, मग वायपर. वायपर ओढताना तो 'कुईं' आवाज आला, जो फक्त स्वच्छ काचेवर येतो. अर्ध्या दिवसात सात खिडक्या झाल्या.

मुलीचं म्हणणं, गरम पाणी पातळ होतं. तिच्या पुस्तकातला शब्द श्यानता. २० अंशांच्या मानानं ५० अंशांच्या पाण्याची श्यानता जवळजवळ निम्मी, म्हणून ते थराच्या भेगांत लवकर शिरतं. आणि तेल म्हणजे काय, थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं होतं तेच. हे मात्र मला पुस्तकाशिवाय कळण्यासारखं होतं.

१५ डिसेंबर, रविवार

तोंडावर पडलो.

नरपडला समुद्राकडे तोंड असलेला शनिवार-रविवारचा बंगला. मालक डहाणू लोकलनं येतात, स्टेशनवरून रिक्षा. भिंतभर काच, स्लायडिंग. समुद्राचा खार काचेवर असा बसतो की बाहेरचे माड धुक्यातले वाटतात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "शेठ, आता आपण गरम पाण्यानं करतो." रॉड लावला, त्यांच्याच बोअरचं पाणी, प्लॅस्टिकची बादली टाळून लोखंडी. काम सुरू करेपर्यंत दहा वाजले आणि ऊन काचेवर आलं.

गरम पाणी, गरम काच, वर वारा. मी वायपर वरून खाली आणेपर्यंत बाजूचं पाणी वाळून गेलं होतं. वायपरचं रबरही मऊ पडल्यासारखं अडखळत होतं. अकरा वाजता काच खारानं नव्हे, पांढऱ्या ठिपक्यांनी भरली. शेठ दाराशी आले, बघून म्हणाले, "आधी बरी होती." त्यांचं खरं होतं. पैसे अर्धेच घेतले. ते देत होते पूर्ण, पण माझा हात पुढे झाला नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

घरी आल्यावर रॉड पाहिला. त्याच्या वेटोळ्यांवर पांढरं कवच, अंड्याच्या टरफलासारखं. रोज बघतो, कधी विचार केला नाही. तेच पांढरं काल शेठच्या काचेवर होतं.

मुलीनं वहीत काढून दाखवलं. जमिनीतल्या पाण्यात चुन्याचा क्षार विरघळलेला असतो. पाणी तापलं की त्यातला वायू निघून जातो आणि क्षार न विरघळणाऱ्या चुन्याच्या रूपात मागे उरतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलटं. असल्या पाण्याला पुस्तकात दुष्फेन म्हणतात, म्हणजे साबणाला फेस न येणारं. आमच्या घरातल्या बायका याला नुसतं 'जड पाणी' म्हणतात आणि डाळ शिजत नाही म्हणून टाकून देतात. मी तेच तापवून काचेवर ओतलं.

आणि मीठ? १०० मिलिलिटर साध्या पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्यात ३९. तीन ग्रॅमसाठी मी रॉड घेऊन नरपडपर्यंत गेलो होतो. समुद्राच्या खारावर उपाय भरपूर पाणी, तापवलेलं नव्हे. आधी नळीनं नुसतं धुऊन काढायचं, मग हात लावायचा. नाहीतर मिठाचे खडे फडक्याखाली काचेवरच फिरतात.

भाच्यानं डहाणूतून पाण्यातले क्षार मोजायचा मीटर आणला, पेनाएवढा. आमच्या बोअरला ७८०. शाळेतल्या पाणी शुद्ध करणाऱ्या मशिनच्या पाण्याला ४१. शेठच्या पाण्याचा आकडा विचारायची हिंमत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज काच फुटली. जुनी, पुट्टीत बसवलेली, लाकडी चौकट, व्हरांड्याच्या सावलीतली. घाई माझीच. पलीकडच्या खोलीतल्या चिकट काचांसाठी काढलेलं पाणी, त्यात गार मिसळायच्या आधीच फडका बुडवला आणि या काचेच्या मध्यावर दाबला. 'टच्' असा आवाज, बोट मोडल्यासारखा. खालच्या कोपऱ्यापासून एक रेघ वळण घेत वर गेली.

मधला भाग तापून फुगतो, चौकटीत दडलेली कडा गारच राहते, आणि कडेला बारीकसा टवका असला तर तिथून वाट फुटते. हे आता लिहायला सोपं आहे. टफन काचेला असलं काही सहजी होत नाही, पण आमच्याकडच्या जुन्या बंगल्यांत टफन कुठली? नवी काच माझ्या खर्चानं बसवून दिली. घरातल्या काकूंनी चहा दिला, तो न पिता निघणं बरं दिसलं नसतं म्हणून प्यालो.

२९ डिसेंबर, रविवार

थर्टीफर्स्टच्या आधी सगळ्यांनाच काचा चकचकीत हव्या. चार कामं एका दिवसात. तीन गार पाण्यावर, सकाळी नऊच्या आत. लिहिण्यासारखं काही नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

हात. याबद्दल कुणी बोलत नाही. गरम पाणी सुरू केल्यावर बोटं बधिर होणं थांबलं, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस गरम पाणी आणि साबण म्हणजे कातडीतलं तेलही काचेच्या तेलाबरोबर जातं. भाच्याच्या अंगठ्याला चीर पडली, मीठ लागलं की शिव्या देतो. आईनं मोहाच्या बियांचं तेल दिलं, रात्री चोळायचं. आमच्या आजीच्या टाचांना तेच लागायचं. रबरी हातमोजे आणलेत, पण भाचा घालत नाही. म्हणतो, मोज्यातून काच 'कळत' नाही. मला त्याचं पटतं, तरी रागावलो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

हॉटेलवाल्यानं सांगून ठेवलं आहे, दर महिन्याला या. वर्षाचा पापड साचू द्यायचा नाही म्हटल्यावर दोन तासांचंच काम, पैसेही त्याला परवडतात.

नरपडच्या शेठना फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. सांगितलं, या वेळी शुद्ध पाण्याचे दोन कॅन घेऊन येतो, गार, सकाळी सात वाजता, आणि मागच्या वेळचे ठिपके आधी पातळ व्हिनेगरनं काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. ते म्हणाले, "सात वाजता मी उठलेला नसेन." म्हटलं, "काचा बाहेरून आहेत, शेठ, तुम्ही झोपा."

घोलवडच्या बाईंकडे तिळगूळ देऊन आलो. बंब पेटलेला होता. बाकी घरांना एवढंच सांगणं आहे : काचा पुसायला माणूस बोलवाल तेव्हा उन्हाचं बोलवू नका, आणि स्वयंपाकघराची खिडकी असेल तर चुलीवर एक हंडा पाणी ठेवा. रॉड मी आता बरोबर आणत नाही, तो तलासरीच्या हॉटेलातच ठेवला आहे.